व्यसनमुक्ती केंद्राची निवड : कुटुंब, कायदा आणि उपचारव्यवस्था

घरातील कर्त्या माणसाला किंवा तरुण मुलाला दारू वा गर्द यांनी ग्रासले की त्या घरातले मोठे निर्णय हळूहळू संकटाच्या रात्रींवर ढकलले जाऊ लागतात. उपचारकेंद्राची निवडही बहुधा अशाच एखाद्या रात्री होते. मारहाण, वाहनाचा अपघात, नोकरी जाणे, सोने गहाण पडल्याचे उघडकीस येणे यांपैकी काहीतरी घडलेले असते. कोणीतरी भिंतीवरच्या जाहिरातीतील किंवा शेजाऱ्याने दिलेल्या दूरध्वनी क्रमांकावर बोलतो. गाडी येते, चार तरुण उतरतात, रुग्णाला उचलून नेले जाते आणि घरात कित्येक महिन्यांनंतर प्रथमच शांतता नांदते. ती शांतता इतकी हवीशी असते की केंद्र कोणाचे, तेथे डॉक्टर आहे किंवा नाही, त्याची नोंदणी झाली आहे का, हे प्रश्न विचारण्याचे त्राण कुटुंबात उरलेले नसते.

नेमके याच ठिकाणी कुटुंबाचा खाजगी निर्णय सार्वजनिक धोरणाशी येऊन भिडतो. नोंदणी नसलेल्या केंद्रांतील कोंडून ठेवणे, मारहाण आणि प्रसंगी रुग्णांचे मृत्यू यांच्या बातम्या देशाच्या विविध राज्यांतून वेळोवेळी येत असतात. दुसरीकडे, शासनाच्या अनुदानावर चालणारी केंद्रे, जिल्हा रुग्णालयांतील उपचारकक्ष आणि रुग्णाच्या हक्कांची सविस्तर नोंद करणारा कायदा अस्तित्वात असूनही त्यांची माहिती गरजू कुटुंबापर्यंत वेळेवर पोहोचत नाही. उपचाराची गरज आणि उपचाराची उपलब्धता यांतील हे अंतर समजून घेणे समाजकल्याण, आरोग्य व शासनव्यवहार या विषयांच्या अभ्यासकांना उपयुक्त ठरेल.

प्रश्नाची व्याप्ती

सामाजिक न्याय व सक्षमीकरण मंत्रालयाने नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या, म्हणजेच एम्सच्या, राष्ट्रीय व्यसन उपचार केंद्रामार्फत केलेल्या देशव्यापी सर्वेक्षणाचा अहवाल फेब्रुवारी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार १० ते ७५ वर्षे वयोगटातील १४.६ टक्के, म्हणजे सुमारे १६ कोटी व्यक्ती मद्यपान करतात. त्यांपैकी सुमारे ५.७ कोटी व्यक्तींना मद्याशी निगडित समस्यांसाठी मदतीची गरज आहे. अफूजन्य पदार्थांचे सेवन करणाऱ्यांचे प्रमाण २.१ टक्के आढळले. पुरुषांत मद्यपानाचे प्रमाण २७.३ टक्के, तर स्त्रियांत १.६ टक्के नोंदले गेले.

या अहवालातील सर्वांत बोलका आकडा मात्र उपचाराविषयीचा आहे. मद्यावर अवलंबून असलेल्या ३८ व्यक्तींमागे केवळ एकाला कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचे उपचार मिळाल्याचे दिसून आले, आणि रुग्णालयात वा केंद्रात दाखल होऊन उपचार घेतलेल्यांचे प्रमाण १८० मागे एक इतकेच होते. निम्हान्स, बेंगळुरू या संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणातही मद्यविकाराच्या बाबतीत उपचारांची तूट सुमारे ८६ टक्के असल्याचे नमूद झाले होते. मागणी एवढी आणि पुरवठा एवढा, अशा स्थितीत मधली पोकळी कोणीतरी भरून काढणार हे उघड आहे. ती भरून काढणाऱ्यांत निष्ठेने काम करणाऱ्या संस्था आहेत, तसेच एक भाड्याचा बंगला, लोखंडी दार आणि काही गाद्या एवढ्या भांडवलावर व्यवसाय थाटणारेही आहेत.

जबाबदारी कोणाची?

राज्यघटनेच्या अनुच्छेद ४७ अन्वये, औषधी प्रयोजन वगळता मादक पेये आणि आरोग्यास अपायकारक अमली पदार्थ यांच्या सेवनास बंदी करण्यासाठी राज्याने प्रयत्नशील राहावे, असे मार्गदर्शक तत्त्व घालून दिलेले आहे. सातव्या अनुसूचीत मात्र हा विषय विखुरलेला आहे. मादक पेयांचे उत्पादन व विक्री तसेच सार्वजनिक आरोग्य हे राज्यसूचीतील विषय होत. औषधिद्रव्ये व विषे, त्याचप्रमाणे मनोरुग्णांच्या उपचाराची ठिकाणे हे समवर्ती सूचीत येतात. परिणामी मद्य विकण्याचा परवाना देणारे खाते, त्यातून उत्पन्न मिळवणारे खाते आणि मद्यपीवर उपचार करणारे खाते ही तीन निरनिराळी असतात, व त्यांचा परस्परांशी संवाद असेलच असे नाही. बिहारने एप्रिल २०१६ मध्ये दारूबंदी लागू केली तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत व्यसनमुक्ती केंद्रे उघडावी लागली. दारू मिळणे एकाएकी थांबले तर दीर्घकाळच्या मद्यपीस रुग्णालयाची गरज भासते, ही वैद्यकीय वस्तुस्थिती त्यामागे होती.

केंद्रीय पातळीवरही कामाची विभागणी आहे. १९८६ मध्ये स्थापन झालेला अमली पदार्थ नियंत्रण विभाग गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत राहून अवैध पुरवठ्यावर लक्ष ठेवतो. मागणी कमी करण्याचे, म्हणजे प्रबोधन, उपचार आणि पुनर्वसनाचे काम सामाजिक न्याय मंत्रालयाकडे आहे. आरोग्य मंत्रालयाचा व्यसनमुक्ती कार्यक्रम १९८८ पासून रुग्णालयांमार्फत राबवला जातो. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर निर्णय देताना मुलांमधील व्यसनांचे राष्ट्रीय सर्वेक्षण करण्याचे आणि राष्ट्रीय कृती आराखडा तयार करण्याचे निर्देश दिले होते. १५ ऑगस्ट २०२० रोजी २७२ जिल्ह्यांत सुरू झालेले नशामुक्त भारत अभियान पुढे देशातील सर्व जिल्ह्यांत नेण्यात आले.

कुटुंबाच्या दृष्टीने यांतील महत्त्वाचा भाग म्हणजे मंत्रालयाच्या अनुदानावर स्वयंसेवी संस्थांनी चालवलेली एकात्मिक पुनर्वसन केंद्रे आणि शासकीय रुग्णालयांतील व्यसन उपचार सुविधा. १४४४६ या निःशुल्क क्रमांकावर प्राथमिक समुपदेशन मिळते आणि जवळच्या केंद्राची माहिती दिली जाते. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलि-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ असा आहे. शोधाची सुरुवात भिंतीवरील जाहिरातीऐवजी या दोहोंपैकी एका क्रमांकापासून झाली तर पुढील बऱ्याच चुका टळतात.

आजाराचे स्वरूप आणि पहिले दहा दिवस

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात व्यसनाधीनता हा स्वतंत्र विकार मानला गेला आहे. त्याच्या दहाव्या आवृत्तीत सहा लक्षणे सांगितली होती : पदार्थाची अनावर ओढ, सेवनावरील ताबा सुटणे, पदार्थ न मिळाल्यास शारीरिक त्रास, तोच परिणाम मिळवण्यासाठी वाढते प्रमाण, इतर आवडीनिवडींकडे दुर्लक्ष, आणि नुकसान दिसत असूनही सेवन चालूच राहणे. यांपैकी तीन वा अधिक लक्षणे वर्षभरात एकत्र आढळल्यास निदान केले जाई. १ जानेवारी २०२२ पासून अकरावी आवृत्ती अमलात आली असून तिने ही मांडणी अधिक सुटसुटीत केली आहे. मराठीत रूढ झालेला 'मद्यपाश' हा शब्द या अवस्थेचे यथार्थ वर्णन करतो. पाश गळ्यात पडलेल्या माणसाला 'मनावर घे' असे सांगणे जितके सोपे, तितकेच निरुपयोगी असते.

केंद्र निवडताना सर्वाधिक विचार ज्या गोष्टीचा व्हावा आणि प्रत्यक्षात ज्याचा जवळजवळ होतच नाही, ती म्हणजे पहिल्या आठ-दहा दिवसांतील वैद्यकीय देखरेख. रोज मोठ्या प्रमाणात दारू पिणाऱ्या व्यक्तीचे मद्य अकस्मात बंद केल्यास साधारणतः सहा तासांपासून दोन दिवसांपर्यंतच्या काळात झटके येऊ शकतात. त्यानंतर, बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, काही रुग्णांना तीव्र भ्रमावस्था येते. अंगाला कंप सुटतो, घाम येतो, नाडी व ताप वाढतो, भिंतीवर किडे दिसू लागतात, माणसे ओळखू येत नाहीत. ही अवस्था उपचारांअभावी प्राणघातक ठरू शकते. तिच्यासाठी क्लोरडायझेपॉक्साइड, डायझेपाम किंवा लोराझेपाम या वर्गातील औषधे डॉक्टरांच्या निगराणीखाली दिली जातात व त्यांची मात्रा क्रमाक्रमाने कमी केली जाते. सोबत 'ब-१' जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, देणे अत्यावश्यक असते. कुपोषित मद्यपीस थायमिनपूर्वी ग्लुकोज चढवल्यास मेंदूला इजा होण्याचा धोका वाढतो, हे वैद्यकाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. डॉक्टर नसलेल्या केंद्रात मात्र अशक्त दिसणाऱ्या रुग्णाला सर्वप्रथम सलाईन लावण्याकडेच कल असतो. भ्रमावस्थेतील रुग्ण आरडाओरडा करतो, दार ठोठावतो. प्रशिक्षित परिचारकास हे आजाराचे लक्षण वाटते, तर अप्रशिक्षित रखवालदारास तो उद्दामपणा वाटतो. मृत्यूच्या अनेक बातम्यांचा उगम या एका फरकात शोधता येईल.

अफूजन्य पदार्थांचे, म्हणजे गर्द, हेरॉइन वा वेदनाशामक गोळ्या व इंजेक्शने यांचे गणित वेगळे आहे. ते बंद केल्यावर होणारा त्रास असह्य असतो, पण एरवी निरोगी असलेल्या प्रौढाच्या जिवावर तो सहसा बेतत नाही. धोका नंतर असतो. महिना-दोन महिने पदार्थापासून दूर राहिल्याने शरीराची सहनशक्ती घटते. केंद्रातून बाहेर पडलेल्या व्यक्तीने पूर्वीच्याच मात्रेत पुन्हा सेवन केले तर श्वसन मंदावून मृत्यू ओढवू शकतो. म्हणून अशा रुग्णांच्या बाबतीत 'इतके महिने आत ठेवले' याला फारसे महत्त्व उरत नाही. बाहेर आल्यावर कोणते औषध चालू राहणार, हा प्रश्न निर्णायक असतो. ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन यांच्या साहाय्याने दीर्घकाळ चालणारी पर्यायी औषधोपचार पद्धती जगभर मान्यता पावलेली आहे. भारतात राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना इंजेक्शनद्वारे सेवन करणाऱ्यांसाठी ती राबवते. पंजाबने ऑक्टोबर २०१७ पासून बाह्यरुग्ण तत्त्वावर असे उपचार देणारे दवाखाने सुरू केले. 'एका नशेच्या जागी दुसरी नशा' असा आक्षेप काही केंद्रचालक या पद्धतीवर घेतात. आक्षेप ऐकायला पटण्याजोगा वाटला, तरी तो घेणाऱ्याच्या केंद्रात औषधोपचाराची सोयच नाही, असेही पुष्कळदा आढळते.

रुग्णाच्या नकळत दारू सोडवण्याच्या पुड्यांविषयीही येथे सांगणे आवश्यक आहे. डायसल्फिराम हे औषध घेतलेल्या व्यक्तीने मद्यपान केल्यास चेहरा लाल होणे, धडधड, उलट्या, रक्तदाब घसरणे अशी तीव्र प्रतिक्रिया उमटते. म्हणूनच रुग्णाला पूर्ण कल्पना देऊन, त्याच्या संमतीने व तपासण्या करूनच ते देण्याचा दंडक आहे. भाजीत वा चहात ते गुपचूप मिसळणे म्हणजे घरच्यांनीच नकळत केलेला विषप्रयोग ठरू शकतो.

कायद्याची चौकट

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ हा २९ मे २०१८ पासून अमलात आला. त्यातील मानसिक आजाराच्या व्याख्येत मद्य व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांचा स्पष्ट समावेश आहे. त्यामुळे अशा रुग्णांना निवासी उपचार देणारे केंद्र हे 'मानसिक आरोग्य आस्थापना' ठरते आणि कलम ६५ अन्वये नोंदणीशिवाय ते चालवता येत नाही. नोंदणीविना आस्थापना चालवणाऱ्यास पहिल्या वेळी पाच हजार ते पन्नास हजार रुपये, दुसऱ्या वेळी पन्नास हजार ते दोन लाख आणि त्यानंतर दोन ते पाच लाख रुपये दंडाची तरतूद कलम १०७ मध्ये आहे. एका रुग्णामागे दरमहा हजारो रुपये आकारणाऱ्या व्यवसायाला पहिल्या वेळच्या दंडाची जरब कितपत बसणार, ही शंका रास्त आहे. काही राज्यांनी स्वतंत्र नियमही केले आहेत. पंजाबने २०११ मध्ये असे नियम केले होते.

परीक्षार्थींनी येथे दाखल करण्याच्या दोन प्रकारांतील भेद ध्यानात घ्यावा. कलम ८६ खालील स्वतंत्र रुग्ण स्वतःच्या इच्छेने दाखल होतो. घरी जाण्याची इच्छा त्याने व्यक्त केल्यास त्याला सोडावे लागते. विशिष्ट परिस्थितीत तपासणीसाठी त्याला फार तर चोवीस तास थांबवून घेता येते. दुसरा प्रकार कलम ८९ खालील साहाय्यित प्रवेशाचा. येथे नामनिर्देशित प्रतिनिधी अर्ज करतो आणि दोन तज्ज्ञ स्वतंत्रपणे तपासणी करतात. त्यांतील एक मनोविकारतज्ज्ञ असलाच पाहिजे. रुग्णाने स्वतःला इजा करण्याची धमकी दिली असेल वा तसा प्रयत्न केला असेल, तो इतरांशी हिंसक वागला असेल, किंवा स्वतःची काळजी घेण्यास असमर्थ ठरून त्याला धोका उत्पन्न झाला असेल, तरच हा प्रवेश देता येतो. त्याची कमाल मुदत तीस दिवसांची आहे. या प्रवेशाची माहिती मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला सात दिवसांत, आणि स्त्रिया व अल्पवयीनांच्या बाबतीत तीन दिवसांत कळवणे बंधनकारक आहे. तीस दिवसांपुढे ठेवायचे झाल्यास कलम ९० नुसार नव्याने तपासणी व मंडळाची मान्यता लागते.

'सहा महिन्यांचे पॅकेज, मध्ये भेट नाही, दूरध्वनी नाही' असे सांगणारे केंद्र या तरतुदींसमोर कोठे उभे राहते, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. कलम २६ प्रमाणे रुग्णाला बाहेरच्या व्यक्तींशी संपर्काचा हक्क आहे. कलम २० त्याला क्रूर व अवमानकारक वागणुकीपासून संरक्षण देते. सक्तीने मुंडण करणे, सक्तीचा गणवेश, सक्तीने काम करवून घेणे या गोष्टी त्यात स्पष्टपणे निषिद्ध मानल्या आहेत. साखळीने बांधणे कलम ९५ अन्वये, तर एकांत कोठडीत ठेवणे कलम ९७ अन्वये वर्ज्य आहे. शारीरिक अटकाव करावाच लागला तर तो तात्काळ धोका टाळण्यापुरता, मनोविकारतज्ज्ञाच्या अधिकाराने व नोंदीसह करावा लागतो. रुग्णाला इच्छेविरुद्ध, कायदेशीर प्रक्रियेवाचून कोंडून ठेवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२७ खाली गैर बंदिवासाचा अपराधही ठरू शकतो, आणि पैसे भरून गाडी बोलावणाऱ्या नातेवाइकाची भूमिकाही मग तपासली जाऊ शकते.

अमली पदार्थांच्या बाबतीत आणखी एक तरतूद निवडीवर थेट परिणाम करते. गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ मधील कलम ६४-अ नुसार, सेवनाचा किंवा अल्प मात्रेशी संबंधित अपराधाचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वेच्छेने उपचार घेत असेल तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळते. उपचार अर्धवट सोडल्यास हे संरक्षण काढून घेता येते. मात्र हे उपचार शासनाने वा स्थानिक प्राधिकरणाने चालवलेल्या अथवा मान्यता दिलेल्या संस्थेतच घेतलेले असावे लागतात. मुलावर पोलीस प्रकरण झालेले असताना घाईने गाठलेले बिननोंदणीचे केंद्र या कवचापासून त्याला वंचित ठेवते. न्यायालयाला कलम ३९ खाली अशा अपराध्यास उपचारासाठी सोडण्याचा अधिकार आहे, तेथेही अट तीच आहे.

केंद्राच्या दारात विचारायचे प्रश्न

प्रत्यक्ष भेटीला पर्याय नाही. रुग्णाला न घेता घरातील दोघांनी दिवसाढवळ्या जाऊन यावे. नोंदणी प्रमाणपत्र पाहावयास मागावे. पुनर्विलोकन मंडळाचा पत्ता व दूरध्वनी क्रमांक दर्शनी जागी लावणे कलम ७२ प्रमाणे सक्तीचे आहे, तो फलक दिसतो का पाहावे. मनोविकारतज्ज्ञ कोण, ते कोणत्या दिवशी येतात, रात्री झटके आल्यास रुग्णाला कोणत्या रुग्णालयात हलवले जाते, असे नेमके विचारावे. 'आमच्याकडे सगळे आहे' हे उत्तर पुरेसे समजू नये. यकृत, रक्तशर्करा, क्षयरोग यांच्या तपासण्या प्रवेशाच्या वेळी होतात का, आणि इंजेक्शन घेणाऱ्यांसाठी एचआयव्ही व काविळीच्या तपासणीची सोय आहे का, हेही पाहावे. निवासाची खोली, शौचालय व स्वयंपाकघर दाखवण्यास नकार देणाऱ्या केंद्राविषयी पुढे काही विचारण्याची गरजच उरत नाही.

दुसरी कसोटी कुटुंबाला केंद्र काय काम देते ही आहे. चांगली केंद्रे पत्नीला, आई-वडिलांना समुपदेशनासाठी बोलावतात, त्यांना खोटे बोलून रजा मिळवून देणे, उसने फेडणे अशा सवयी सोडायला शिकवतात. पुण्यातील मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र हे याचे सर्वपरिचित उदाहरण. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. व सुनीता देशपांडे यांच्या साहाय्याने १९८६ मध्ये ते सुरू केले. बरे झालेल्या रुग्णांना कार्यकर्ते म्हणून सामावून घेण्याची तेथील पद्धत अनेकांनी अनुसरली. चेन्नईत शांती रंगनाथन यांनी १९८० मध्ये स्थापन केलेले टी. टी. रंगनाथन क्लिनिकल रिसर्च फाउंडेशन आणि मुंबईत फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये उभारलेले कृपा फाउंडेशन ही त्याच काळातील कामे होत. बरे झालेला व्यसनी हा उत्तम सहकारी असतो हे खरे, तथापि ज्या केंद्रात केवळ तेवढेच मनुष्यबळ आहे तेथे औषध कोण ठरवतो, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

स्त्री रुग्णांसाठी पर्याय फारच तोकडे आहेत. स्वतंत्र निवास व स्त्री परिचारिका नसतील तर केवळ जवळ आहे म्हणून केंद्र निवडू नये. अल्पवयीनांना प्रौढांसोबत ठेवता येत नाही. खर्चाच्या बाबतीत लेखी पत्रक घ्यावे. आगाऊ सहा महिन्यांचे शुल्क मागणे हे धोक्याचे चिन्ह समजावे. अधिनियमाच्या कलम २१ नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारांसाठी शारीरिक आजारांप्रमाणेच विम्याची सोय करणे अपेक्षित आहे, परंतु व्यसनांच्या उपचाराबाबत पॉलिसीतील अटी आधी वाचून घ्याव्यात.

'शंभर टक्के खात्री' देणाऱ्या केंद्रापासून दूर राहावे, याला वैद्यकीय आधार आहे. अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या लेखाने व्यसनाधीनतेची तुलना मधुमेह, उच्च रक्तदाब व दमा यांच्याशी केली आणि या साऱ्या आजारांत उपचार मध्येच सुटण्याचे व आजार उलटण्याचे प्रमाण जवळपास सारखेच असल्याचे दाखवले. मधुमेहाच्या रुग्णाची साखर वाढली तर डॉक्टर औषध बदलतात, त्याला घराबाहेर काढत नाहीत. व्यसनाच्या बाबतीत मात्र पहिली घसरण झाली की घरातून 'पैसे वाया गेले' असा सूर निघतो, आणि अधिक कडक, अधिक दूरचे, अधिक बंदिस्त केंद्र शोधले जाते. अनेक रुग्णांना, विशेषतः ज्यांचा शारीरिक त्रास सौम्य आहे व घरी आधार आहे अशांना, दाखल होण्याची गरजही नसते. जिल्हा रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागातील नियमित भेटी त्यांना पुरेशा ठरतात.

निरोपाचा दिवस

केंद्राची खरी परीक्षा रुग्णाला घरी पाठवण्याच्या दिवशी होते. त्या दिवशी कुटुंबाच्या हाती दिलेल्या औषधांची नोंद असलेले कागद, पुढील भेटीची तारीख आणि अडचण आल्यास रात्री कोणाशी बोलावे याचा क्रमांक असावयास हवा. आपली वैद्यकीय कागदपत्रे मिळण्याचा हक्क रुग्णाला कलम २५ ने दिलेला आहे. मद्यपीसाठी नाल्ट्रेक्सोन किंवा अकॅम्प्रोसेट, अफूजन्य पदार्थांच्या रुग्णासाठी ब्युप्रेनॉर्फिन यांसारखी औषधे पुढे कोण देणार हे तेव्हाच ठरलेले बरे. १९३५ मध्ये अमेरिकेत जन्मलेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा भारतातील बहुतेक मोठ्या शहरांत होतात, तर नातेवाइकांसाठी अल-ॲनॉन हा वेगळा गट असतो. या सभांना शुल्क नसते. रुग्ण पहिल्या आठवड्यात तेथे गेला नाही तरी त्याच्या पत्नीने वा आईने जायला हरकत नाही, आणि पुष्कळ घरांत पहिले पाऊल तिनेच टाकलेले असते.